दाढीनंतर तुरटी: लावावी की नाही, आणि लावायची तर कशी?

वाडीकर_राजापूर

दाढी डबल एज रेझरने, एरवी दिवसाआड. श्रावण पाळत असल्यामुळे तो महिनाभर दाढीला ब्लेड लागत नाही आणि अमावास्येनंतर चतुर्थीच्या आत सगळी एकदम उतरवावी लागते. त्रास दोन प्रकारचा आहे. गळ्यावर बारीक लाल पुटकुळ्या येतात, आणि हनुवटीखाली टाचणीच्या टोकाएवढं दोन-तीन ठिकाणी कापतं. स्पिरिटवाला आफ्टरशेव्ह नको आहे, तुरटीकडे वळावं असा विचार आहे.

शंका अशा:

रोज लावायची, की कापलं तरच? लावल्यावर धुवायची, की चेहऱ्यावर वाळू द्यायची? दोन्ही सल्ले ऐकू येतात. बाजारपेठेत किराणा दुकानात मिळतो तो ओबडधोबड खडा आणि ऑनलाइन मिळणारी गुळगुळीत, डबीतली महाग वडी यांत फरक काय? पावसाळ्यात खडा कायम ओला राहतो आणि वर बुळबुळीत थर येतो, तो खराब झाला समजायचा का?

पाणी विहिरीचं आहे. मे महिन्यात थोडं मचूळ होतं, एरवी गोडं.

---

रसायनवाला_दापोली

आधी तुरटी काय करते ते पाहू, म्हणजे निम्मे प्रश्न तिथेच सुटतील.

आपली नेहमीची तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि अॅल्युमिनियमचं जोडसल्फेट, त्यात स्फटिकजलाचे १२ रेणू. पाण्यात विरघळली की द्रावण चांगलंच आम्लधर्मी होतं, सामू साधारण ३ ते ३.५. ओल्या त्वचेवर फिरवली की वरच्या थरातली प्रथिनं गोठतात आणि त्वचा आवळली जाते. बारीक कापातून येणारं रक्तही याच कारणाने थांबतं. धड त्वचेवर ती झोंबत नाही, फक्त ओढल्यासारखं वाटतं. झोंबते ती जिथे ब्लेडने वरचा थर खरवडला असेल तिथे. म्हणून मी तुरटीला औषधाइतकंच तपासनीस मानतो. रोज गळ्याच्या डाव्या बाजूलाच झोंबत असेल तर तिथे तुम्ही दाब जास्त देताय किंवा केसांच्या उलट दिशेने ब्लेड चालवताय. इलाज तिथे करायचा, तुरटी वाढवून नाही.

लावायची पद्धत:

दाढी झाल्यावर चेहरा गार पाण्याने नीट धुवा. साबणाचा अंशही राहता कामा नये, याचं कारण पुढे येतंय. चेहरा ओलाच ठेवा, खडाही ओला करा आणि दाब न देता एकदाच सगळीकडे फिरवा. ओठ आणि डोळ्यांजवळचा भाग सोडा. तीस सेकंद ते एक मिनिट थांबा, मग पुन्हा गार पाण्याने धुऊन टाका. टॉवेलने टिपा, घासू नका. त्वचा किंचित ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा.

वाळू द्यायची नाही. पाणी उडून गेलं की आम्लधर्मी मीठ त्वचेवर साठतं आणि तासाभरात चेहरा कोरडा, खरखरीत होतो. ‘तुरटी मला सोसत नाही’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांनी ती धुतलेलीच नसते. अपवाद फक्त कापाचा. तिथे खड्याचं ओलं टोक दहा-पंधरा सेकंद टेकवून धरा आणि तेवढा ठिपका मिनिटभर जास्त राहू द्या.

आता साबण. शेव्हिंग क्रीम म्हणजे मुख्यतः साबणच. तुरटीतलं अॅल्युमिनियम साबणातल्या स्निग्धाम्लांशी जुळलं की पाण्यात न विरघळणारा पांढरट, चिकट साका तयार होतो. तुमच्या खड्यावरचा बुळबुळीत थर बहुतेक हाच आहे, म्हणजे चेहरा पुरता धुतला जात नाही. खडा खराब झालेला नाही. कोमट पाण्यात धरून जुन्या टूथब्रशने थर काढा, खाली स्वच्छ काचेसारखी तुरटी मिळेल. कोकणात जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ असतं, त्यात फेस भरपूर होतो पण साबण सुटायला वेळ लागतो. दोनदा धुण्याऐवजी चारदा धुवा. मे महिन्यात पाणी मचूळ झालं की उलटं होतं, फेसच धड बसत नाही आणि ब्लेड कोरड्यावर चालतं. पाणी उकळून खारटपणा जात नाही. त्या दिवसांत दाढीपुरतं तांब्याभर गोडं पाणी वेगळं ठेवणं सोपं.

किराणातला खडा चालतो, पण पाहून घ्या. पारदर्शक किंवा दुधी-पारदर्शक, मोडल्यावर चकचकीत कडा दिसणारा घ्या. पाणीपुरवठ्याच्या टाकीत टाकतात त्या मातकट-पांढऱ्या, अपारदर्शक लाद्या वेगळ्या. ते नुसतं अॅल्युमिनियम सल्फेट, त्यात लोहाचा आणि इतर मळ असतो. ते चेहऱ्याला नको. बाजारात अमोनियाची तुरटीही तुरटी म्हणूनच विकली जाते, दिसायला हुबेहूब. ओळखायची असेल तर चिमूटभर पूड पानाच्या ओल्या चुन्यात कालवा. मुतारीसारखा तिखट वास आला तर अमोनियाची. काम तीही करते, पण नाजूक त्वचेला पोटॅशवाली बरी.

ऑनलाइन वडी म्हणजे हाच माल घासून आकार दिलेला. पैसे गुळगुळीतपणाचे. खड्याची धार तुम्हीही मोडू शकता: ओल्या, बारीक पॉलिश पेपरवर, साधारण ४०० नंबरच्या, गोल गोल घासा, मग कोमट पाण्याखाली बोटांनी चोळा. वितळवून साच्यात ओतायला मात्र जाऊ नका. तुरटी ९२-९३ अंश सेल्सिअसला स्वतःच्याच स्फटिकजलात वितळते, पण आच जरा जास्त झाली की पाणी उडून तिची लाही होते. ही लाही चेहऱ्यावर लावायची वस्तू नव्हे. ती त्वचेतलं पाणी ओढते आणि ओरखड्यावर पडली तर जाळते.

---

देवबागचो_झील

तुरटी लावूक हरकत नाय, पण खडो ठेवतात खंय ते आधी सांगा. निम्मे लोक बेसिनवरच्या साबणदाणीत, पाण्याच्या डबक्यात ठेवतात आणि मग बोंब मारतात.

बाकीचं सगळ्यांना कळेल असं लिहितो. पाण्यात बसलेला खडा खालून विरघळत जातो. तेच पाणी आटलं की पुन्हा स्फटिक बनतात, पण टोकदार आणि वेडेवाकडे. दुसऱ्या दिवशी तो चेहऱ्यावर फिरवला की ओरखडे उठतात, आणि लोक म्हणतात तुरटीची अॅलर्जी आहे. वापर झाला की खडा पाण्याखाली धरा, फडक्याने कोरडा करा आणि खालून हवा लागेल असा ठेवा. घरात नारळाची करवंटी असतेच. तळाला दोन-तीन भोकं पाडायची, आत काथ्याचा बोळा, वर खडा. जून ते सप्टेंबर न्हाणीघरात ठेवूच नका, तिथे काही वाळत नाही. खिडकीजवळ किंवा स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवा.

पत्र्याच्या डबीत नको. ओल्या तुरटीचं पाणी आंबट, त्यात आपली खारी हवा. डबीला गंज चढतो आणि खड्यावर तांबूस डाग पडतात. प्लॅस्टिकची डबी चालेल, झाकणाला भोक पाडून. रेझरचंही तेच. तुरटीचा हात रेझरला लागला तर लगेच धुवा. क्रोमचा मुलामा दिलेली स्वस्त रेझरं आतून जस्ताच्या मिश्रधातूची असतात, मुलामा एकदा सुटला की तुरटीचं पाणी आतला धातू खात जातं. ब्लेड स्टेनलेसचं असलं तरी किनाऱ्याच्या हवेत धारेवर ठिपके येतात. दाढी झाल्यावर रेझर उघडून झटकून वाळवावं, ब्लेड पुसू नये, धार जाते.

एक फायदा कोणी सांगितला नाही. दाढी करताना साबणाने बोटं निसटतात, गाल ताणून धरता येत नाही. डाव्या हाताची बोटं ओल्या खड्यावर घासून घ्या, पकड येते. गळ्यावर निम्मं कापतं ते कातडी सैल राहिल्यामुळे.

आणि समुद्रावर जाणाऱ्यांनी दाढी सकाळी नको, आदल्या संध्याकाळी करावी. ताज्या दाढीवर खारं पाणी आणि ऊन, त्यात तुरटीने आवळलेली कातडी, दुपारपर्यंत चेहरा सोलवटतो.

---

वस्तरा_अलिबाग

घरच्या खड्याबद्दल वर चांगलं आलंय. मी सलूनबद्दल लिहितो, कारण गणपतीच्या आधीचे दोन दिवस किनारपट्टीवरच्या प्रत्येक सलूनमध्ये रांग असते आणि एकच खडा सगळ्यांच्या तोंडावरून फिरत असतो.

वस्तऱ्यात ब्लेड नवं घालतात, ते आता सगळेच पाहून घेतात. खड्याकडे कोणी पाहत नाही. तुरटी काही जंतूंची वाढ रोखते हे खरं, पण ती निर्जंतुक करणारी वस्तू नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात, पृष्ठभागावर किमान ७ दिवस टिकतो, आणि डोळ्यांना न दिसण्याएवढं रक्तही त्याला पुरतं. खडा नेमका कापलेल्या जागीच टेकवला जातो, हे लक्षात घ्या. नळाखाली धरून खळबळणं म्हणजे साफ करणं नव्हे.

उपाय खर्चाचा नाही. गिऱ्हाइकाने स्वतःचा सुपारीएवढा खडा खिशात आणावा, कोणी वाईट वाटून घेत नाही. सलूनवाल्यांनी स्प्रे ठेवावा: उकळून गार केलेलं १०० मिलिलीटर पाणी, त्यात ५ ग्रॅम तुरटीची पूड, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा. याहून दाट करायला गेलात आणि गरम पाण्यात भरपूर विरघळवलीत तर गार झाल्यावर स्फटिक सुटतात आणि स्प्रेचं भोक बुजतं. पाणी दुधाळ झालं तर ते पाण्यातल्या क्षारांमुळे. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर जो गाळ धरतो, तोच प्रकार. रात्रभर बसू द्या आणि वरचं निवळ पाणी फडक्यातून गाळून घ्या, किंवा बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं ते वापरा. बाटली प्लॅस्टिकची, आठवड्याला द्रावण नवं.

रक्त येत असलेल्या जागी स्प्रे पुरत नाही. तिथे कापसाचा बोळा द्रावणात भिजवून दाबायचा आणि टाकून द्यायचा. स्टिप्टिक पेन्सिल, म्हणजे कापावर टेकवायची रक्त थांबवणारी कांडी, मिळते ती घरी एकट्यापुरती उत्तम, सलूनमध्ये तिचाही तोच धोका.

---

पुरळ_तज्ज्ञ_श्रीवर्धन

‘रोज लावा’ याला माझा विरोध आहे. दमट हवेत तेलकट चेहऱ्याला दिवसाआड चालते. कोरडी त्वचा, इसब, किंवा पुटकुळ्यांसाठी रेटिनॉइडची मलमं चालू असतील तर अजिबात नको. डिसेंबर-जानेवारीत मतलई वारा सुटला की इथेही ओठ फुटतात, त्या दिवसांत फक्त कापावरच.

मूळ प्रश्नात पुटकुळ्या म्हटलंय. त्या कुठल्या हे ठरवल्याशिवाय तुरटीचा उपयोग सांगता येत नाही.

दाढीनंतर काही तासांत लालसर आग आणि दुसऱ्या दिवशी गायब, ती ब्लेडची जळजळ. तुरटीने थोडा आराम पडतो, मुख्य दुरुस्ती हात हलका करण्याची.

दोन-तीन दिवसांनी उठणारे टणक पुळे, निरखून पाहिलं तर आत केसाचा वेटोळा दिसतो, ते आत वळलेले केस. कुरळ्या दाढीला आणि गळ्यावर जास्त. इथे तुरटी काही करत नाही. कातडी ताणून, उलट दिशेने, अगदी मुळापासून दाढी केली की केस कापून आत जातो आणि बाहेर येताना वाट चुकतो. म्हणजे वर सांगितलेली बोटांच्या पकडीची युक्ती अशा माणसाला उलटी पडेल. त्याने ताणू नये, केसांच्या दिशेनेच एक फेरी करावी किंवा ट्रिमरने एक मिलिमीटर ठेवून सोडावं.

केसाच्या मुळाशी पू धरलेले, दुखरे, तो केसतोड. पू असताना त्या भागाची दाढी बंद, गरम पाण्याचा शेक दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं. पसरत असेल, ताप असेल तर डॉक्टर. त्यावर तुरटी घासली की जंतू शेजारच्या केसांवर जातात आणि खडाही दूषित होतो.

गोल कडा असलेला, खाजणारा चट्टा असेल तर नायटा. घामाच्या दिवसांत दाढीतही होतो. तुरटीने बरा होत नाही, आणि मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेली ‘ऑल इन वन’ ट्यूब आणून चोळली तर चार दिवस खाज थांबते आणि चट्टा आतून पसरतो. हे प्रकरण कोकणात नको इतकं दिसतं.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तुरटीवर भिस्त ठेवू नका. स्वच्छ फडकं पाच मिनिटं सलग दाबून धरा, मधेमधे उचलून पाहायचं नाही. मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्यांनी अॅल्युमिनियमचं काहीही रोज लावण्याआधी विचारून घ्यावं. बाकी निरोगी माणसाच्या धड त्वचेतून मिनिटभरात आत जाणारं अॅल्युमिनियम नगण्य आहे, घाबरायचं कारण नाही. ‘अॅल्युमिनियम-मुक्त नैसर्गिक स्फटिक’ असं लिहून तुरटीच विकतात, त्याचं मात्र हसू येतं.

तुरटीनंतर काय लावायचं: पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात हलकं, बिनवासाचं जेल. खोबरेल पुळे येणाऱ्या चेहऱ्याला नको, छिद्रं बुजतात. थंडीत मुठेल चांगलं, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. ते घट्ट असतं, तांदळाच्या दाण्याएवढं घेऊन तळहातावर पूर्ण वितळेपर्यंत चोळायचं आणि मगच चेहऱ्यावर टेकवायचं. जास्त घेतलं तर मेणचट थर बसतो.

---

वाडीकर_राजापूर

सगळ्यांचे आभार. चुना लावून पाहिला, वास आला. म्हणजे अमोनियाची. गळ्यावरचे पुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतात आणि आत केस दिसतो. मग श्रावणानंतरची महिनाभराची दाढी उतरवायची कशी? चतुर्थीला चेहरा साफ हवा, पुळे नकोत.

---

पुरळ_तज्ज्ञ_श्रीवर्धन

अमोनियाचीच वापरा, फेकायची गरज नाही. फार झोंबली तर बदला.

महिन्याची दाढी सेंटिमीटरभर वाढलेली असते, त्यावर थेट ब्लेड घातलं की केस ओढले जातात आणि पहिल्या चार फटक्यांत ब्लेड भरतं. दोन दिवसांत विभागा. प्रतिपदेला फक्त ट्रिमर, एक-दोन मिलिमीटरवर. ट्रिमर नसेल तर कंगवा आणि कात्री. बोटं फिरवून गळ्यावरच्या केसांची दिशा बघून ठेवा, बहुतेकांची हनुवटीखाली वरून खाली नसते, आडवी किंवा भोवऱ्यासारखी असते. रात्री झोपताना मऊ ब्रशने गळा हलका घासा, आत वळायला लागलेली टोकं सुटतात.

द्वितीयेला आंघोळीनंतर दाढी. नवं ब्लेड. क्रीम लावून दोन मिनिटं थांबा, केस पाणी पिऊन मऊ पडतात. रेझर त्वचेशी साधारण ३० अंशांत, स्वतःच्या वजनावर चालू द्या. एकच फेरी, केसांच्या दिशेने. दोन-तीन फटक्यांनी ब्लेड खळबळून घ्या. गळा थोडा खरखरीत राहील, राहू दे, उलट फेरी करायची नाही. धुवा, तुरटी तीस सेकंद, पुन्हा धुवा, जेल.

तृतीयेला काही करायचं नाही. तेवढ्यात त्वचा शांत होते, आणि खुंट अजून इतके लहान असतात की चतुर्थीला आरतीला कोणाला दिसणार नाहीत.

---

देवबागचो_झील

आणि ट्रिमरला तेल घाला रे, महिनाभर कपाटात पडून त्याच्या दातांना गंज धरलेलो आसतलो. शिलाई मशीनचं तेल, दोन थेंब, चालू करून मग पुसायचं.